गाडी ऑल-व्हील आहे, मग हिवाळी टायर कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून कॅलगरीला येऊन काही महिने झाले, सप्टेंबरात ऑल-व्हील-ड्राइव्हची टोयोटा रॅव्ह-फोर घेतली. शोरूममधला माणूस म्हणाला, गाडी चारही चाकांवर चालते, सोबत आलेले ऑल-सीझन टायर पुरतील. ऑफिसातले लोक म्हणतात, हिवाळी टायर घेतल्याशिवाय राहू नका. डिसेंबरात आई-बाबा येणार आहेत, त्यांना रॉकी पर्वतातल्या बॅन्फला आणि जमलं तर तिथून पुढे जॅस्परपर्यंत न्यायचं आहे. एवढे पैसे खरंच घालावेत का, आणि घालायचे तर कोणत्या टायरवर?

घाला. चारही टायर घ्या आणि पहिला बर्फ पडायच्या आत बसवून घ्या. उत्तर एवढंच आहे, पण त्यामागचं कारण बहुतेक वेळा अर्धवट सांगितलं जातं, म्हणून सविस्तर लिहितो. अल्बर्टाच्या, म्हणजे कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्याच्या, उत्तर भागातल्या तेलक्षेत्रांवर पिकअप चालवण्यात माझे बरेच हिवाळे गेले, आणि आता नव्याने आलेल्या चालकांना बर्फात गाडी चालवायला शिकवणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. या नव्या लोकांमध्ये पुढच्या चाकांवर चालणारी जुनी सेडान घेऊन येणाऱ्यांची मला फारशी चिंता नसते. चिंता वाटते ती नवीकोरी ऑल-व्हील एसयूव्ही घेऊन येणाऱ्यांची.

सेडानवाला सकाळी सिग्नलला उभा असतो. हिरवा लागतो, तो पाय दाबतो, पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडी रखडत पुढे सरकते. तो वैतागतो, पण त्याला कळलेलं असतं की आज रस्ता निसरडा आहे. पुढचा सगळा प्रवास तो त्या माहितीवर करतो. ऑल-व्हील गाडीत तोच जोर चार चाकांत वाटला जातो, त्यामुळे एकाही चाकावर पकडीपेक्षा जास्त ताण येत नाही आणि गाडी निमूटपणे सुटते. साठचा वेग येतो, सत्तरचा येतो, स्टीअरिंगही गुळगुळीत वाटतं. रस्ता कसा आहे हे त्या चालकाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक दाबल्यावर, आणि तोवर समोरच्या गाडीचे लाल दिवे जवळ आलेले असतात. ऑल-व्हील गाडी रस्त्याची खबर चालकापासून लपवते. मला तिच्यातला खरा धोका हा वाटतो. ‘ऑल-व्हीलने गाडी सुटते, थांबत नाही’ हे वाक्य इथे सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ते बरोबरही आहे. पण गाडी इतकी सहज सुटल्यामुळे चालकाच्या डोक्यात काय होतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

थांबण्याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचाच आहे. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि घर्षण जितकं कमी तितकं ते लांबतं. ताशी ५० किलोमीटरने जाताना कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. चाकांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२५ धरा, अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. वितळून पुन्हा गोठलेल्या, वर पाण्याची पातळ ओल असलेल्या बर्फावर ०.१ धरला तर जवळजवळ १०० मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे १४ मीटर वेगळेच. घर्षणांकाचे हे आकडे ढोबळ आहेत, पण घर्षण बदलायचं तर आपल्या हातात फक्त टायर असतो. इंजिनाची ताकद दोन चाकांना जाते की चार, याचा या हिशोबाशी काहीही संबंध नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात.

ऑल-व्हील निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. चढावर थांबून पुन्हा निघायचं असेल, गल्लीत फूटभर बर्फ साचला असेल, नांगर मारून कडेला झालेला बर्फाचा बांध ओलांडून घराबाहेर पडायचं असेल, तर तिला तोड नाही. वळणातून बाहेर पडताना हलका जोर दिला की ती सरळही छान होते. पण वळणात शिरतानाचा वेग झेलायचा असतो टायरनेच.

आता टायरकडे वळू. ऑल-सीझन या नावावर विसंबू नका, त्यातला सीझन अल्बर्टाचा नाही. या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागतं आणि थंडी वाढेल तसं आणखी कडक होत जातं. खोबरेल तेल बाटलीत थिजायला बाहेर बर्फ पडावा लागत नाही, थंडी पुरते. रबराचंही तसंच आहे. त्यामुळे नोव्हेंबरातल्या कोरड्या, स्वच्छ डांबरावरसुद्धा उणे पंधरा अंशांत ऑल-सीझन टायर आपली काही पकड गमावून बसलेला असतो. हिवाळी टायरच्या रबरात नैसर्गिक रबर आणि सिलिकाचं प्रमाण वेगळं ठेवतात, म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. टायर जमिनीला टेकला की त्या उघडतात, त्यांच्या असंख्य कडा बर्फ धरतात आणि बर्फावरची पाण्याची पातळ ओल शोषून घेतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ भरून बसतो, आणि बर्फाला बर्फ चांगला धरतो.

टायरच्या बाजूला दोन प्रकारच्या खुणा दिसतील. एक ‘एम अधिक एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ. या खुणेला मी काहीही किंमत देत नाही. ती खाचांच्या रचनेवरून मिळते, बर्फावर चाचणी घ्यावी लागत नाही, आणि तुमच्या ऑल-सीझन टायरवरही ती बहुधा असेलच. दुसरी खूण तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची आकृती. ती १९९९ पासून वापरात आहे आणि ती मिळवायला टायरला दबलेल्या बर्फावर चाचणी द्यावी लागते. ठरावीक संदर्भ टायरपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. ही खूण असलीच पाहिजे. मात्र तिचीही मर्यादा ओळखा. चाचणी सरळ रेषेत गाडी सुटतानाच्या पकडीची आहे. घट्ट गोठलेल्या बर्फावर ब्रेक मारल्यावर काय होतं किंवा वळणात काय होतं, हे ती खूण सांगत नाही. पिकअपवर बसवायचे जाडजूड ऑल-टेरेन टायर असतात, बीएफगुडरिचचा केओ-टू त्यातला प्रसिद्ध. त्यांच्यातल्या काहींवरही ही खूण असते, खोल बर्फात ते जोमाने चालतात, आणि चौकातल्या गुळगुळीत बर्फावर मात्र घसरतात. थार किंवा जिम्नी चालवलेल्या आपल्या मंडळींना असे दांडगे टायर पाहून भरवसा वाटतो. खाचा जितक्या मोठ्या तितकी पकड जास्त, हे चिखलात खरं आहे. घट्ट बर्फावर बारीक चिरा आणि मऊ रबर लागतं.

निवड प्रत्यक्षात तीन गटांतली आहे. पहिला गट ऑल-वेदर टायरचा: मिशेलिन क्रॉसक्लायमेट-टू, टोयो सेल्सिअस, नोकियनचा रेमेडी. ऑल-सीझन आणि ऑल-वेदर ही नावं दुकानात सर्रास एकमेकांत मिसळली जातात; ऑल-वेदरवर डोंगर-हिमकणाची खूण असते आणि ते वर्षभर गाडीवर ठेवता येतात. व्हँकुव्हरला राहत असतात, जिथे पाऊसच जास्त आणि बर्फ मोजके दिवस, तर मी हेच घ्या म्हटलं असतं. दुसरा गट खिळे नसलेल्या खऱ्या हिवाळी टायरचा: ब्रिजस्टोन ब्लिझॅक, मिशेलिन एक्स-आइस स्नो, नोकियन हाक्कापेलिटा आर-फाइव्ह, कॉन्टिनेंटल वायकिंगकॉन्टॅक्ट. तिसरा गट धातूचे बारीक खिळे ठोकलेल्या टायरचा. या विद्येत फिनलंडची नोकियन सगळ्यांत जुनी; जगातला पहिला हिवाळी टायर तिने १९३४ मध्ये ट्रकसाठी काढला आणि हाक्कापेलिटा हे नाव १९३६ पासून चालत आलं आहे. ब्लिझॅक १९८८ मध्ये जपानात आला. त्याच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्या बर्फावरची ओल टिपून घेतात.

कॅलगरीसाठी माझं मत दुसऱ्या गटाला आहे, आणि त्याचं कारण चिनूक. रॉकीज ओलांडून येणारा हा कोरडा उबदार वारा काही तासांत तापमान वीसेक अंशांनी वर नेतो. दुपारी रस्त्यावरून पाणी वाहतं, संध्याकाळी वारा पडतो आणि तेच पाणी डांबरावर पारदर्शक होऊन गोठतं. याला इथे ब्लॅक आइस म्हणतात. खालचं काळं डांबर त्यातून जसंच्या तसं दिसतं, रस्ता फक्त ओला आहे असंच वाटतं. ध्यानात घ्या, उणे तीस अंशांतला बर्फ उणे दोन अंशांतल्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो, कारण शून्याजवळ बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर असतो. नव्या माणसाला कडाक्याच्या थंडीची भीती वाटते आणि जरा ऊब आली की तो निर्धास्त होतो. इथे नेमकं उलट हवं. असा बर्फ आणि बाकी दिवस उघडं डांबर, या मिश्रणाला खिळे नसलेला मऊ हिवाळी टायर सर्वांत योग्य. खिळे ओल्या बर्फावर सरस असतात, अल्बर्टात चालतातही, पण उघड्या डांबरावर आवाज फार करतात आणि तिथे त्यांची पकड थोडी कमीच असते. शहराबाहेर उताराच्या, नांगर न मारणाऱ्या रस्त्यावर राहणाऱ्याने ते घ्यावेत.

मापाबद्दल लोक चुकीच्या दिशेने जातात. हिवाळ्यासाठी टायर रुंद नको, अरुंद हवा. तो बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर वर तरंगू पाहतो. रॅव्ह-फोरच्या महागड्या आवृत्त्यांना २३५/५५ आर १९ मापाचे टायर येतात, साध्या आवृत्तीला २२५/६५ आर १७ (पहिला आकडा रुंदीचा, शेवटचा रिमच्या इंचांचा). तुमच्याकडे १९ इंची असतील तर हिवाळ्यासाठी १७ इंची पोलादी रिम आणि हे दुसरं माप घ्या. टायर स्वस्त पडतो, बाजूची भिंत उंच असल्याने बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचते, आणि दर हिवाळ्यात टायर रिमवरून उतरवून चढवायची मजुरी व टायरच्या कडांची झीज दोन्ही टळतात. ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटा घेणारा भाग, लहान रिमच्या आत बसतं का, याची दुकानदाराकडून तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी खात्री करून घ्या. भाराचा अंक मूळ टायरइतका किंवा जास्त हवा. वेगाचं अक्षर कमी असलं तरी चालतं. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, तेवढं या रस्त्यांना पुरून उरतं.

चारच घ्यायचे, दोन नाही. पुढे हिवाळी आणि मागे ऑल-सीझन असं केलं, तर पुढचं टोक रस्ता धरतं आणि मागचं टोक वळणात किंवा ब्रेकवर पुढे यायला बघतं. गाडी गरकन फिरते. ऑल-व्हीलमध्ये आणखी एक कारण आहे. चारही टायरचा घेर सारखा नसेल तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारं मधलं कपलिंग किंवा डिफरन्शियल सतत घासत राहतं. तो खर्च टायरच्या कितीतरी पट असतो.

जुने टायर ऑनलाइन विकायला असतात, नव्या बिऱ्हाडाला मोह होणं साहजिक आहे. घ्यायचेच असतील तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५२३ म्हणजे २०२३ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. सहा-सात वर्षांचा टायर नवा दिसत असला तरी रबर म्हातारं झालेलं असतं. खाचांची खोली मोजा. नव्या टायरची आठ-नऊ मिलिमीटर असते. चारच्या खाली गेली की बर्फातलं त्याचं काम संपलं. काही टायरमध्ये ते खास मऊ रबर फक्त वरच्या थरात असतं आणि खाली साधं, त्यामुळे अर्धा झिजलेला टायर निम्म्या किमतीतही महाग पडतो.

पैशांचं म्हणाल, तर चार चांगले टायर आणि पोलादी रिम मिळून पंधराशे डॉलरच्या आसपास तयारी ठेवा. हिवाळी टायर गाडीवर असतात तेव्हा उन्हाळी झिजत नाहीत, म्हणजे दोन्ही जोड्या जास्त वर्षं टिकतात. क्वीबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल ते लागतात, पण तिथे ‘एम अधिक एस’ चालतो. अल्बर्टात असा सरसकट कायदा नाही. कायदा नाही म्हणजे गरज नाही असा अर्थ इथे बरेच जण काढतात, आणि दर वर्षी पहिल्या बर्फाच्या दिवशी कॅलगरीच्या डिअरफूट महामार्गावर त्याचा परिणाम दिसतो. त्याच दिवशी टायरच्या दुकानांत आठवड्यांची रांग लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काम उरकून घ्या, आणि एप्रिलअखेर, रोजचं तापमान सातच्या वर राहू लागलं की उतरवा. उन्हाळ्यात मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेकही लांबतो. चाकं बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नका.

हवा तपासा. तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. उबदार गॅरेजमध्ये वीस अंशांत भरलेली हवा बाहेर उणे पंचवीसला सात-आठ पीएसआयने कमी भरते. गाडी रात्रभर बाहेर थंड झाल्यावर, दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढी हवा ठेवा. वाळूत हवा कमी करतात तसं बर्फात करा, असा सल्ला कुणी देईल. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो ऐकू नका.

टायर झाले, आता पाय आणि हात. सगळ्यांत आधी, गाडी लपवते ती खबर काढून घ्यायची सवय लावा. घरातून निघालात की पहिल्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे आरशात पाहून, ताशी तीसला ब्रेक ठाम दाबा. पायाखाली एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरलं आणि गाडी सरकली, तर आजचा रस्ता कसा आहे ते कळलं. वाटेत रस्ता सावलीत शिरला, पूल आला, वारा सुटला की पुन्हा करा. पुलाला वरून-खालून थंडी लागते, म्हणून तो आजूबाजूच्या रस्त्याआधी गोठतो. माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी दुसरं काहीही शिकवत नाही, फक्त हे.

एबीएस थरथरलं की घाबरून पाय उचलू नका. दाबून ठेवा आणि स्टीअरिंगने वाट काढा, कारण एबीएस त्यासाठीच आहे. पण ब्रेक आणि वळण एकदम पूर्ण मागू नका. आधी सरळ रेषेत वेग कमी करा, मग ब्रेक सोडून वळा. गाडी पुढे सरकतच राहिली आणि वळतच नसेल, तर माणूस घाबरून स्टीअरिंग आणखी फिरवतो. त्याने पुढची चाकं आणखी आडवी होतात आणि नुसती घासतात. थोडं सरळ करा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, पकड परत आली की वळा. मागचं टोक सुटलं तर जिथे जायचं आहे तिकडे नजर ठेवा, हात नजरेमागे जातात. २०११ च्या सप्टेंबरपासून कॅनडात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना स्थिरता नियंत्रण सक्तीचं आहे, ते अशा वेळी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरायला बघतं. तुम्ही शांत राहिलात तर त्याला काम करता येतं.

आपल्याकडच्या घाटात शिकलेली एक गोष्ट इथे सोन्याच्या मोलाची आहे. वरंध किंवा खंबाटकी ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर उतरू नका, असं शिकवणाऱ्याने सांगितलं असेल. ऑटोमॅटिक गाडीत आल्यावर लोक हे विसरतात. लिव्हर एस किंवा एल वर घेऊन उतार सुरू होण्याआधीच वेग पाडा आणि इंजिनाला गाडी धरून ठेवू द्या. ऑल-व्हीलमध्ये हा इंजिनाचा रोध चारही चाकांत वाटला जाऊ शकतो, तेव्हा तो समतोल राहतो. उतरण्याच्या बाबतीत ऑल-व्हीलचा मला दिसलेला खरा फायदा एवढाच. फक्त निसरड्यावर एकदम दोन गिअर खाली टाकू नका, झटक्याने चाकं सुटतात. आणि क्रूझ कंट्रोल बर्फाच्या दिवशी बंद.

चौक सर्वांत वाईट. शेकडो गाड्या तिथे थांबतात, चाकं फिरवून निघतात, एक्झॉस्टमधली वाफ गोठते आणि बर्फ घासून गुळगुळीत होतो. चौकात शिरण्याआधी वेग पाडा, हिरवा असला तरी दोन्ही बाजू बघा, कारण आडव्या रस्त्यावरच्याला थांबता येईलच असं नाही. समोरच्या गाडीपासून कोरड्यात तीन सेकंदांचं अंतर ठेवता, तर इथे आठ-दहा सेकंदांचं ठेवा. मधे कुणीतरी घुसेल. घुसू द्या, पुन्हा मागे व्हा.

पुढेमागे पिकअप चालवायची वेळ आली तर एक फरक समजून घ्या. रॅव्ह-फोर, होंडाची सीआर-व्ही या गाड्या स्वतःहून ठरवतात मागच्या चाकांना कधी जोर द्यायचा. सुबारूत चारही चाकं कायम जोडलेली असतात. साध्या पिकअपमध्ये चारही चाकांना जोर देणारी, चालकाने स्वतः लावायची दोन स्थानं असतात: नेहमीच्या वेगासाठी फोर-हाय आणि अगदी हळू, जास्त जोरासाठी फोर-लो. फोर-हाय मात्र पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट जखडतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, ती सोय इथे उरत नाही. कोरड्या डांबरावर गाडी अडखळते, यंत्रावर ताण येतो, आणि निसरड्यावर घट्ट वळणात ती सरळच जाऊ बघते. म्हणून फोर-हाय सलग बर्फ असेल तेव्हाच, आणि फोर-लो फक्त रुतलेली गाडी काढायला.

रुतलात तर चाकं फिरवत बसू नका. खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि तुमच्यासारख्या गाडीतलं कपलिंग तापलं की मागची चाकं काही वेळ साथच सोडतात. आधी फावड्याने चारही चाकांपुढचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ काढा, चाकांखाली वाळू टाका, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरलं की जोर कमी करणारी यंत्रणा) तात्पुरतं बंद करा, स्टीअरिंग सरळ ठेवून हलक्या पायाने निघा. मदतीची वाट पाहत इंजिन चालू ठेवून बसायचं असेल, तर बाहेर जाऊन एक्झॉस्टचा पाइप बर्फातून मोकळा आहे ना ते आधी बघा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा बघा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो, त्याला वास नसतो, आणि माणसं बसल्या जागी जातात. हे मी कुणालाही दोनदा सांगतो.

आता आई-बाबांची सहल. बॅन्फ सव्वाशे किलोमीटरवर आहे, ट्रान्स-कॅनडा महामार्ग रुंद आहे आणि त्यावर बर्फ लगेच काढतात. स्कॉट लेक हिलचा चढ तेवढा जपा. शहरात ऊन असताना तिथे बर्फ उडत असतो. वाळूच्या गाड्यांमागे अंतर ठेवा, इथे मिठापेक्षा वाळू आणि बारीक खडी जास्त टाकतात आणि काचा फुटतात. काच धुण्याचं पाणी उणे चाळीसचं भरा.

जॅस्परचा रस्ता वेगळा आहे. लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतच्या आइसफील्ड्स पार्कवेवर, म्हणजे हायवे ९३ वर, नोव्हेंबर ते मार्च हिवाळी टायर असावेत किंवा चेन सोबत असाव्यात असा नियम आहे. सुमारे २३० किलोमीटरच्या या पट्ट्यात हिवाळ्यात पेट्रोल मिळत नाही, मोबाइलला जवळजवळ रेंज नाही, आणि रस्ता दोन ठिकाणी दोन हजार मीटरहून उंच जातो. हिमकडे पाडण्यासाठी तो मधेच बंदही करतात. लेक लुईसला टाकी भरा. डिसेंबरात उजेड सकाळी पावणेनऊ ते संध्याकाळी साडेचार एवढाच असतो, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर बर्फ काढणारी यंत्रं फिरत नाहीत, त्यामुळे उजाडल्यावर निघून उजेडातच पोहोचा. गाडीत फावडं, जाड ब्लँकेटं, टॉर्च, खायला, बाबांची औषधं आणि प्रत्येकाचे बूट-हातमोजे हाताशी असू द्या, डिकीत खाली दाबलेले नकोत. निघण्यापूर्वी ५११ अल्बर्टावर रस्त्याची स्थिती बघा. प्रवास टाळा किंवा रस्ता बंद असं दिसलं तर हॉटेलचे पैसे बुडाले तरी लेक लुईसचा मुक्काम एक दिवस वाढवा. जॅस्पर गाठायचंच असेल तर एडमंटनवरून हायवे १६ आहे. कॅलगरीहून निघालात तर तो अडीचशे किलोमीटरने लांबचा पडतो, पण त्यावर वर्दळ असते, पेट्रोल मिळतं आणि बंद पडलात तर मागून कुणीतरी येतं.